चावीकाकूंची भिंत

चावीकाकूंच्या स्वयंपाकघरातली ती भिंत बघून नवा माणूस आधी हसतोच. खिडकीपासून फ्रिजपर्यंत नुसते खिळे आणि खिळ्याखिळ्याला चावी. पितळी, स्टीलच्या, जाडजूड, किडमिड्या, एकीला लाल रिबीन, एकीला कुणाच्या तरी लहानपणच्या बुटाची नाडी. नाव नाही, नंबर नाही, काही नाही. पण जरा वेळ बघत राहिलं की कळतं, अरे, ही तर आपली इमारतच आहे! सगळ्यात वरची ओळ चौथा मजला, खालची तळमजला, जिन्याच्या डावीकडची घरं डावीकडे, उजवीकडची उजवीकडे. आणि फ्रिजच्या वर जी दाटीवाटी झालीय ती शेजारच्या इमारतींची, कारण त्यांनाही नंतर दुसरं कुणी मिळालं नाही.

हे सगळं कसं सुरू झालं ते सांगायचं तर ही वस्तीच कशी सुरू झाली ते सांगावं लागेल. आज इथे मॉल आहे, काचेचे टॉवर आहेत, पार्किंगवरून मारामाऱ्या आहेत, पण तेव्हा नदीच्या या बाजूला एक विटांची भट्टी आणि बाकी नुसता माळ. शहर पलीकडे, आणि शहरात माणसं मावेनात. मग चार-चार मजल्यांच्या एकसारख्या इमारती उभ्या केल्या आणि ज्याला कुठेच जागा नाही त्याला इथे आणून सोडलं. समुद्राकडचे आले, डोंगराकडचे आले, सीमेपलीकडून जीव मुठीत धरून पळालेले आले, बंद पडलेल्या कारखान्यांचे कामगार आले. एका जिन्यावर पाच भाषा. भांडायचं म्हटलं तरी पंचाईत, कारण आपण दिलेली शिवी समोरच्याला कळली तर पाहिजे ना!

कामं मात्र सगळ्यांची पलीकडे, शहरात. सकाळी इमारत रिकामी व्हायची ती पार अंधार पडेपर्यंत. पोरं शाळेतून यायची आणि बंद दारापुढे दप्तरावर बसून राहायची. घरात असायच्या त्या एकट्या काकू, तळमजल्यावर, जिन्याला लागून, शिलाई मशीन घेऊन. पहिली चावी आणून दिली बेकरीवाल्याने, दोन शब्द बोलून आणि बाकीचे हातवारे करून. काकूंना वाटलं हा घर विकतोय की काय! मग त्याचा पोरगा दुपारी आला, हात पुढे केला, तेव्हा उजेड पडला. मग दुसरी चावी आली, तिसरी आली, आणि भिंत भरत गेली.

काकूंनी नियम एकच केला. चावी घरच्या माणसालाच. पाहुण्याला नाही, मित्राला नाही, साहेबाला नाही. आणि घरच्याने मागितली तर का म्हणून विचारायचं नाही. "घरचा आहेस ना? मग घे. तुझं घर, तुझी चावी, मी कोण विचारणार?" वरची रागावून माहेरी निघाली, दिली. रुसलेला पोरगा कपडे न्यायला गुपचूप आला, दिली. त्याच्या बापाने संध्याकाळी येऊन विचारलं, कोण आलं होतं? काकू म्हणाल्या, "घरचंच होतं कुणीतरी." एवढंच. म्हणून तर सगळे चाव्या ठेवायचे, भाषा कळो न कळो.

आता ड्रायव्हरकाका. काकूंच्या अगदी समोरचं दार त्यांचं, मध्ये चार पावलांची जागा. या वस्तीत पहिली बस आणली ती त्यांनी. आणि त्या बसचे कंडक्टर होते काकूंचे मिस्टर, म्हणून ड्रायव्हरकाकांच्या त्या वहिनी. तेव्हा रस्त्यावर नावच नव्हतं कशाला, मग कंडक्टर स्वतःच्या मनाने ओरडायचे. भट्टी दिसली की "भट्टी!", एकच दिव्याचा खांब होता तिथे "खांब!", आणि जिथून बस वळून परत फिरायची तिथे "शेवट!" लोकांनी तीच नावं धरली. पुढे वस्ती वाढली, त्या वळणाच्या पुढे टॉवर झाले, त्यांच्या पुढे गोदामं, गोदामांच्या पुढे हायवे. आता "शेवट" हा स्टॉप पार गावाच्या मधोमध आलाय, आणि नवीन लोक फोनवर एकमेकांना सांगतात, "शेवटला उतर, तिथून पुढे अर्धा तास लागतो."

कंडक्टर जाऊन बरीच वर्षं झाली. ड्रायव्हरकाकांची बायको पण गेली. राहिला त्यांचा मुलगा, ढोल्या. लहानपणी एवढा गुबगुबीत की काकूंना कडेवर घेऊन दम लागायचा. आता तोच ढोल्या काडी झालाय, पलीकडे शहरात नोकरीला जातो, येताना डोळे खोल गेलेले असतात. त्याची बायको दवाखान्यात नर्स. आणि ड्रायव्हरकाकांचं डोकं हळूहळू निसटायला लागलं होतं.

एक दिवस सकाळी ढोल्या चावी घेऊन आला आणि नुसताच उभा राहिला.

"काय रे? नाश्ता केलास का?"

"काकू, आजपासून बाबांना बाहेरून कुलूप लावून जातोय."

काकूंच्या हातातली सुई तशीच राहिली. "कुलूप? अरे, माणूस आहे तो, कपाट आहे का?"

"हायवेवर सापडले परवा. मधोमध उभे. हात दाखवून ट्रक थांबवत होते, म्हणे प्रवासी आहेत, घेऊन जा."

"एखादी बाई ठेव ना दिवसभर."

"ठेवली होती ना! तिकीट दाखव म्हणाले तिला. तिच्याकडे नव्हतं, तर हाताला धरून जिन्यात उतरवलं. तिच्याआधीची पण अशीच पळाली."

काकूंना हसू आलं आणि लगेच लाज वाटली. "मी बसते की त्यांच्यापाशी."

"तुमचे गुडघे बघा काकू. ते निघाले तर तुम्ही धरणार आहात का? फक्त चावी ठेवा. आग लागली, पडले-झडले, तरच. बाकी ते काहीही म्हणू देत, ओरडू देत, रडू देत, उघडायचं नाही. शपथ घ्या माझी."

काकूंनी शपथ नाही घेतली. चावी घेतली आणि तळमजल्याच्या ओळीत उजवीकडे टांगली. तो खिळा इतकी वर्षं रिकामाच होता, कारण ड्रायव्हरकाकांच्या घराला दिवसा कधी कुलूपच नसायचं.

पहिल्याच दुपारी दार वाजलं. आतून.

"वहिनी! अहो वहिनी! बाहेरून कुणीतरी कडी घातलीय बघा."

काकू समोर येऊन उभ्या राहिल्या. "हो का? बघते हं."

"बघता काय, उघडा! गाडी काढायचीय. कंडक्टर आला का?"

काय सांगणार? काकू भिंतीला टेकल्या. "येतोय," त्या म्हणाल्या.

"झोपला असेल लेकाचा! लग्न झाल्यापासून आळशी झालाय नुसता. तुम्ही लाडावून ठेवलाय त्याला."

"मी कशाला लाडावतेय? तुम्हीच चहा पाजत फिरता त्याला दर फेरीला!"

आतून खळखळून हसल्याचा आवाज आला. काकू पण हसल्या, खूप दिवसांनी हसल्या, आणि मग घरात जाऊन मशीनवर डोकं टेकून रडल्या.

मग हे रोजचंच झालं. सकाळी ढोल्या आणि त्याची बायको कामावर गेली की आतून हाका सुरू व्हायच्या. ड्रायव्हरकाका कधी विनवायचे, कधी चिडायचे, दारावर मुठी आपटायचे. काकू बाहेर स्टूल टाकून बसायच्या आणि दाराशी बोलायच्या. जुन्या गोष्टी काढायच्या, भट्टीचा धूर, डोंगराकडची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी सामानाबरोबर बसमध्ये आणलेली बकरी. "तिला अर्धं तिकीट फाडलं होतं आपल्या कंडक्टरनं," आतून आवाज यायचा आणि थोडा वेळ बरा जायचा. येणारे-जाणारे आधी थबकायचे, मग सवय झाली त्यांना. बेकरीवाला म्हातारा जाता-जाता दारावर टकटक करायचा, "ड्रायव्हर, गाडी लेट!" आणि आतून त्याच्याच भाषेतली एक सणसणीत शिवी यायची. तेवढी बरोबर लक्षात होती!

पण एका दुपारी ड्रायव्हरकाका ओरडले नाहीत. अगदी शांत, पूर्वीसारख्या आवाजात म्हणाले, "वहिनी, चावी तुमच्याकडे आहे ना?"

काकूंनी आपल्या स्वयंपाकघराकडे वळून बघितलं.

"भिंतीवर असेल. खालच्या ओळीत. उजवीकडे."

"...आहे."

"हे घर कुणाचं?"

"तुमचंच."

"मग मी घरचा माणूस आहे की पाहुणा?"

काकू स्टुलावरून उठल्या.

"चावी घरच्या माणसाला, आणि का म्हणून विचारायचं नाही. तुम्हीच म्हणता ना सगळ्यांना? मी मागतोय. मी आत आहे म्हणून मी घरचा नाही का?"

ओरडणं सहन होत होतं हो, हे कसं सहन करायचं? आयुष्यभर काकूंनी एकच गोष्ट नीट केली होती, आणि त्या गोष्टीसमोरच आता त्या खोट्या पडल्या होत्या. रात्री आठवणार नाही त्यांना काही, उद्या परत कंडक्टर आला का विचारतील, हे ठाऊक होतं. पण काकूंना तर आठवणार होतं ना!

संध्याकाळी त्यांनी सूनबाईला जिन्यात गाठलं. ती पायातले बूट काढून हातात घेऊन पायरीवर बसली होती. घरात जायच्या आधी रोज अशीच थोडा वेळ बसायची.

"अगं, असं कोंडून नाही गं ठेवता येत माणसाला."

"मग कसं ठेवता येतं, ते सांगा काकू." ती वर न बघता बोलली. "दवाखान्यात दिवसभर मी दुसऱ्यांचे बाप सांभाळते. इथे आपल्याच्या दाराला कुलूप. मला काय झोप लागते असं वाटतंय का तुम्हाला?"

काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कुणाला दोष द्यावा तर कुणी सापडतच नव्हतं, हाच तर सगळा त्रास होता.

आणि मग तो दिवस. सकाळपासून समोरच्या दारामागे आवाजच नाही. काकूंनी हाक मारली, उत्तर नाही. दार वाजवलं, नाही. बकरीची आठवण काढली, काही नाही. पडले असतील, हेच आलं डोक्यात. त्यांनी चावी ओढून काढली आणि लगबगीने कुलूप उघडलं.

दार उघडलं तर ड्रायव्हरकाका समोरच खुर्चीत बसलेले. निळा युनिफॉर्मचा शर्ट, बटणं एक सोडून एक लागलेली, केस पाणी लावून चापून बसवलेले. त्यांनी वर बघितलं आणि एवढं गोड हसले.

"आलात? चला, उशीर झालाय."

काकूंनी दारात हात आडवा धरला. खरंच धरला. पण ते त्यांना ढकलून नाही गेले, ढोल्याला भीती होती तसं. ते नुसते समोर येऊन थांबले, लहान मूल थांबतं तसे. हात आपोआप खाली आला हो. कुणाचाही आला असता.

गेटपर्यंत जाऊ, काकू मनात म्हणाल्या. गेटपर्यंत आणि परत.

गेटवरून ते कोपऱ्यापर्यंत गेले, कोपऱ्यावरून बेकरीपर्यंत. बाहेर आल्याबरोबर ड्रायव्हरकाकांची चालच बदलली. ताठ झाले. बेकरीवाला दुकानातून बाहेर आला, पिठाचे हात तसेच, आणि त्याने सलाम ठोकला. वरच्या मजल्यावरच्या पोरी खिडकीतून ओरडल्या, "काकाऽऽ!" इस्त्रीवाला, चपला शिवणारा, मोबाईल दुरुस्तीवाला, सगळे हात करत होते, कारण यातल्या अर्ध्यांना त्यांच्या सामानासकट या माणसानेच इथे आणलं होतं. ड्रायव्हरकाका मात्र रस्त्याकडे बघत होते आणि त्यांना काहीच सापडत नव्हतं.

"वहिनी, भट्टी कुठाय?"

"तो काय, मॉल आहे ना, तिथे होती."

"होती म्हणजे? सकाळी तर होती." ते थांबले, भुवया आवळल्या. "डेपो?"

"पार्किंग झालंय तिथे."

त्यांनी काकूंचा हात घट्ट धरला. भीती वाटली त्यांना, काकूंना ती हातातून कळली. आणि मग, आता काय करायचं ते न सुचून, काकू म्हणाल्या, "चला, स्टॉपवर जाऊ. गाडी बघू आणि घरी येऊ."

बस आली. नवी, बिनआवाजाची, दारं आपोआप उघडणारी. ड्रायव्हर एक तरुण पोरगी होती, केस आखूड. ड्रायव्हरकाका सगळ्यांच्या आधी पुढच्या दाराने चढले आणि तिच्या स्टिअरिंगकडे बघत राहिले.

"बसा आजोबा, पुढेच बसा," ती म्हणाली.

"गिअर कुठाय हिला?"

"नाहीये आजोबा."

"मग चढावर काय करतेस, प्रार्थना?"

अख्खी बस हसली. काकूंचा एक पाय पायरीवर होता, मागून लोक ढकलत होते, आणि त्या क्षणी, नेमक्या त्याच क्षणी, काकूंना आठवलं की आपलं दार आपण उघडंच टाकून आलोय! सताड उघडं. आत भिंतीवर अख्ख्या वस्तीच्या चाव्या, सगळ्यांची घरं, सगळ्यांचं सगळं, आणि घरात चिटपाखरू नाही. एवढ्या वर्षांत कधी झालं नव्हतं. भाजीला जायचं तरी कुलूप ओढून दोनदा बघायच्या त्या. काकूंनी पाय मागे घेतला आणि वळून इमारतीच्या दिशेने बघितलं. फक्त बघितलं.

लोक चढले आणि मागे दार बंद झालं. फुस्स करून. काकूंनी काचेवर हात मारेपर्यंत बस निघाली. काचेमागे ड्रायव्हरकाका पुढच्या सीटवर बसून समोर बघत होते, आणि खूश होते. अगदी खूश. एवढंच दिसलं.

काकू धावल्या. गुडघे घेऊन किती धावणार? मग रस्त्याच्या कडेलाच बसल्या आणि ढोल्याला फोन लावला. नुसतंच "अरे, अरे" म्हणत राहिल्या. तो म्हणाला, "काकू, कुठली बस? एवढंच सांगा." तेही त्यांना सांगता आलं नाही.

ढोल्या शहरातून निघाला, सूनबाई ड्युटी अर्धी टाकून निघाली, बेकरीवाल्याने भट्टी विझवली आणि नातवाच्या स्कूटरवर मागे बसला. पुढचं त्या बसवाल्या पोरीकडून कळलं, ती बिचारी रडायलाच लागली. म्हणाली, "शेवट" हा स्टॉप आला तसे आजोबा उभे राहिले, मोठ्याने म्हणाले, "शेवट! सगळे उतरा, गाडी वळणार!" लोक हसले, कुणी उतरलं नाही, ते मात्र उतरले. तिला वाटलं इथेच राहत असतील.

अंधार पडता पडता सापडले. हायवेच्या पुलाखाली, दोन रस्त्यांच्या मधल्या कठड्याला टेकून बसलेले. बस वळवायची जागा शोधत होते, माळ शोधत होते. कुठेतरी पडून मनगट मोडलं होतं, कपाळाला नंतर टाके पडले. गाड्या दोन्ही बाजूंनी जात होत्या आणि ते प्रत्येक गाडीला हात दाखवत होते, त्याच मोडक्या हाताने.

काकूंच्या भिंतीवरची एकही चावी गेली नव्हती. सगळ्या जागच्या जागी. ते बघून त्यांना जे काय वाटलं, ते कसलं समाधान! एक जरी गेली असती तर बरं झालं असतं, असलं काहीतरी वेडंवाकडं मनात आलं त्यांच्या.

ढोल्या रागावला असता तर सोसलं असतं. तो आला, नुसता हात पुढे केला. काकूंनी चावी ठेवली त्याच्या हातावर.

"ढोल्या..."

"तुमची चूक नाही काकू," तो म्हणाला. "मीच तुमच्या गळ्यात टाकलं हे." आणि त्यांच्या पायाला हात लावून गेला. वाकलेली पाठ दिसली त्याची, म्हाताऱ्या माणसासारखी.

मग बाकीचे यायला लागले. भांडायला नाही हो, उलट इतक्या गोड बोलायला! वरची म्हणाली, आता मुलं मोठी झाली काकू, स्वतःजवळच ठेवतात चावी. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी बोटाने उघडणारं कुलूप बसवलं. शेजारच्या इमारतीतले म्हणाले, तुम्हाला कशाला या वयात त्रास. दार उघडं राहिलं होतं हे कुणी उच्चारलं नाही, आणि सगळ्यांना माहीत होतं. काकू प्रत्येकाला म्हणायच्या, "तुझं घर, तुझी चावी," आणि खिळ्यावरून काढून द्यायच्या. बेकरीवाल्याने तेवढी नेली नाही. पण त्याच्या दाराचं कुलूपच बदललंय, हे त्याच्या नातवाने चुकून बोलून टाकलं. म्हाताऱ्याचा मान ठेवायचा म्हणून काकूंनी ती चावी तशीच राहू दिली.

समोरच्या दाराला आता आकड्यांचं कुलूप आहे. आकडे ढोल्याला आणि सूनबाईला माहीत. आत एक कॅमेरा आहे, ढोल्या नोकरीवरून फोनमध्ये बघतो. ड्रायव्हरकाका आता हाका मारत नाहीत. मनगट बांधल्यापासून त्यांचं बोलणंच आटलंय.

काकूंना ते सोसवेना. एका दुपारी त्यांनीच स्टूल ओढलं, दाराशी बसल्या आणि टकटक केलं.

आत पावलं वाजली. हळू, घासत. दाराच्या अगदी पलीकडे येऊन थांबली.

"कोण?"

"मी. वहिनी."

"अरे वा!" आवाजात इतका आनंद होता, पूर्वीचा, पाहुणे आल्यावरचा. "मग बाहेर का उभ्या? या ना आत. दार लोटलेलंच आहे."

काकू उठून उभ्या राहिल्या. दारावर तळवा ठेवला. आतून ते परत म्हणाले, "या ना वहिनी," आणि वाट बघत राहिले.